क्लच वायर पुन्हा पुन्हा तुटतेय? जुनी वायर फेकण्याआधी तिचं तुटलेलं टोक बघा

आमच्या मारुती ८०० ची क्लच वायर चौदा महिन्यांत चार वेळा तुटली. पहिल्यांदा मार्चमध्ये, सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला. दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, विजापूर रोडवर. तिसऱ्यांदा जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी होम मैदानाकडे लोटलेली असताना, ऐन संध्याकाळी. चौथ्यांदा मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात. आई मागच्या सीटवर देवीच्या ओटीचं सामान मांडीवर घेऊन बसली होती आणि माझा डावा पाय एकाएकी पेडलसकट खाली गेला.

दर वेळी नवी वायर टाकली, गाडी चालू झाली, विषय संपला असं वाटलं. गॅरेजमध्ये उत्तर एकच मिळायचं, "ताई, वायर हाय ती, तुटणारच की." जुन्या गाडीत वायर तुटते हे खरं आहे. पण नीट बसवलेली वायर वर्षानुवर्षं चालते. आमच्याच गाडीत कंपनीतून आलेली पहिली वायर २००३ पासून आठ वर्षं टिकली होती. तीच वस्तू चारपाच महिन्यांत तुटायला लागली, म्हणजे गाडीतलं काहीतरी तिला तोडत होतं. ते काय होतं हे आम्हाला चौथ्या वायरीनंतर कळलं. तुम्हाला ते दुसऱ्याच वेळी कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मारुती ८००, ओम्नी, झेन, जुनी अल्टो, सँट्रो अशा ज्या गाड्यांत क्लच तारेवर चालतो, त्या सगळ्यांना हे लागू आहे. ज्यांच्या क्लचला ब्रेकसारखं ऑइल लागतं त्या गाड्यांचं दुखणं वेगळं, ते इथे नाही.

अण्णांनी मागितलेला तुकडा

दुसरी वायर तुटली तेव्हा मी घरी येऊन सांगितलं की नवी टाकली, एवढे पैसे झाले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "तुटलेली कुठाय?" मी म्हटलं, गॅरेजमध्येच राहिली. ते म्हणाले, "उद्या जाऊन आण."

माझे वडील चाळीस वर्षं यंत्रमागावर होते. मागावर ताण्याचा एखादा धागा तुटला की गाठ मारून माग पुन्हा चालू करतात. पण तोच धागा तासाभरात परत त्याच जागी तुटला, तर गाठ मारत बसायचं नसतं. माग बंद करून तुटलेलं टोक बोटात धरून बघायचं. टोक पिंजलेलं असेल तर फणीचा एखादा दात खरखरीत झालेला असतो. एकदम तुटलेलं असेल तर ताण जास्त पडतोय. अण्णांना वायरीतही तेच बघायचं होतं.

मिस्त्रींनी भंगाराच्या डब्यातून वायर काढून दिली. अण्णांनी ती ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवली, रॉकेलच्या बोळ्याने पुसली आणि चष्मा लावून पाहिली. पेडलकडच्या बाजूला, जिथे तार लोखंडी डोळ्यात दाबून बसवलेली असते, त्याच्या अगदी लगत ती तुटली होती. सगळ्या तारा एकाच उंचीवर तुटलेल्या नव्हत्या. चारपाच तारांची टोकं काळपट आणि गुळगुळीत होती, म्हणजे त्या खूप आधी तुटून घासत राहिल्या होत्या. दोन तारा मात्र चकचकीत, ताज्या तुटलेल्या होत्या. म्हणजे वायर तुटायला महिनाभर आधीच सुरुवात झाली होती. विजापूर रोडवर फक्त शेवटच्या दोन तारा गेल्या.

मागच्या वेळी कुठे तुटली होती, असं मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "तीबी पेडलकडनंच." तिथे आमचं पहिलं कोडं सुटलं.

पेडलच्या टोकाला तुटत असेल तर

तार ओढण्याने सहसा तुटत नाही, ती वाकवण्याने तुटते. बाइंडिंगची तार आपण हाताने ओढून तोडू शकत नाही, पण त्याच जागी पंधरावीस वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते. क्लच वायरीचं तेच होतं.

पेडल दाबताना त्याचा वरचा भाग गोलाईत फिरतो. तिथल्या हुकात वायरीचा डोळा अडकवलेला असतो. हुकाला ग्रीस असेल तर डोळा त्याच्यावर फिरतो आणि तार सरळ ओढली जाते. हुक कोरडा असेल तर डोळा जागेवर अडकतो, आणि पेडल जितकं फिरेल तितकी तार डोळ्याच्या तोंडाशी वाकते. दर वेळी, त्याच एका जागी.

हे किती वेळा होतं ते मी एकदा मोजलं. जुळे सोलापुरातल्या घरापासून नवी पेठेतल्या दुकानापर्यंत सहाएक किलोमीटर अंतर आहे. त्यात मी ११२ वेळा क्लच दाबला. जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आसपास. वर्षातले तीनशे दिवस धरले तर पासष्ट-सत्तर हजार वेळा. शिवाय पायाने लावलेला जोर पेडलच्या तरफेमुळे वायरीवर चारपाच पटीने वाढून जातो. तार तेवढं सोसते, फक्त तिला सरळ ओढलं पाहिजे.

आमच्या गाडीत हुक नुसता कोरडा नव्हता. ड्रायव्हरच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत आडवं होऊन, टॉर्च लावून वर पाहिलं तर हुकाच्या आतल्या बाजूला डोळ्याने खाऊन खोबण केलेली दिसली. करंगळीचं नख त्यात अडकत होतं, आणि तिच्या कडेला धारदार काठ आला होता. त्यात नवीन वायरीचा डोळा बसवला की तो त्या खोबणीत रुतायचा. दोन नव्याकोऱ्या वायरी त्या एका खाचेने खाल्ल्या होत्या.

उपाय अर्ध्या तासाचा होता. बारीक कानशीने काठ घासून काढला, पॉलिश पेपर मारला, खाच पुसून भरपूर ग्रीस लावलं. खाच खोल असेल तर हुकावर वेल्डिंगने भर घालून तो पुन्हा गोल घासून घ्यावा लागतो, किंवा पेडल बदलावं लागतं. जुन्या गाडीचं चांगलं पेडल भंगार बाजारातही मिळून जातं. पेडलच्या दांड्याचे बुशही (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) बघा. वायर काढून पेडल डावी-उजवीकडे हलवलं आणि ते खुळखुळलं, तर ते तिरकं ओढतंय आणि वायरही तिरकी वाकतेय.

मला विचाराल तर वरचेवर वायर तुटणाऱ्या दहातल्या बऱ्याच गाड्यांत दोष या हुकातच सापडेल. वायर बदलताना तिथे बोटभर ग्रीस लावायला एक मिनिट लागतं. पण त्यासाठी आडवं पडावं लागतं, अंधारात हात घालावा लागतो, म्हणून ते राहून जातं. तुमच्यासमोर काम चालू असेल तर मिस्त्रींना आवर्जून सांगा, आणि हवं तर टॉर्च तुम्ही धरा.

गिअरबॉक्सच्या टोकाला तुटत असेल तर

खालच्या बाजूला वायर क्लचच्या दांडीला जॉइंट नटाने आणि पिनेने जोडलेली असते. तिथेही गोष्ट तीच. पिन कोरडी किंवा गंजलेली असेल तर ती फिरत नाही आणि तार वाकते. हे टोक रस्त्याच्या जवळ असल्यामुळे धूळ आणि पाणी दोन्ही खातं. कोकणातल्या गाड्यांच्या वायरी गंजून जातात. आपल्याकडे हवा कोरडी, पण काळ्या मातीची बारीक धूळ फाटलेल्या रबरी टोपीतून आत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून कानशीसारखी घासत राहते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने पाणी मारताना तेही त्याच वाटेने आत जातं. रबरी टोपी फाटलेली दिसली की बदला. ती वायरीबरोबरच येते, पण बसवताना बरेचदा तिरकी बसलेली असते.

क्लच जड असेल तर वायरीला दोष देऊ नका

हुक दुरुस्त केला तरी आमचं पेडल जड होतं. बाजारातून घरी आलं की माझा गुडघा दुखायचा. जड पेडल म्हणजे वायरीवर जास्त ताण, आणि आज ना उद्या ती जाणार.

जडपणा कुठून येतोय ते शोधायची सोपी रीत आहे. वायर खालच्या टोकाला सोडवा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. एक, पेडल हाताने हलवा; ते सैल हललं पाहिजे. दोन, नुसती तार कव्हरमध्ये पुढे-मागे ओढा. ती लोण्यासारखी सरकली पाहिजे, कुठे अडकली किंवा खरखरली तर वायरच खराब. तीन, गिअरबॉक्सवरची क्लचची दांडी हाताने हलवा. प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीला) टेकेपर्यंत ती मोकळी फिरली पाहिजे. ती तिथेच घट्ट, कुरकुरत फिरत असेल तर तिच्या शाफ्टचे बुश सुकलेत किंवा गंजलेत.

तिन्ही मोकळं असेल आणि तरीही पेडल जड लागत असेल, तर दोष आत क्लचमध्ये. क्लच प्लेट झिजत जाते तसतशी प्रेशर प्लेटची पाती पुढे सरकतात, त्यांचा कोन बदलतो आणि ती दाबायला जास्त जोर लागतो. म्हणजे झिजलेला क्लच वायर तोडतो, आणि तुटलेल्या वायरीमागचा झिजलेला क्लच कोणी पाहत नाही. आमच्या गाडीत तसंच निघालं. ऑक्टोबरमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, ती पाती दाबणारं रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला, शाफ्टचे बुशही बदलले. खर्च झाला, पण पेडल इतकं हलकं झालं की पहिल्या दिवशी मला गाडी दुसऱ्याचीच वाटली.

आणि तरीही जानेवारीत वायर तुटली.

वायर वितळलेली असेल तर: अर्थिंग

ही वायर वेगळी होती. या वेळी मी ती पिशवीत घालून आणली. पेडलकडचं टोक शाबूत, गिअरबॉक्सकडचं टोकही शाबूत. मधल्या वळणावर बाहेरचं काळं कव्हर आक्रसलेलं आणि कडक झालं होतं. अण्णांनी ते कापून उघडलं. आतली प्लॅस्टिकची नळी, जिच्यातून तार सरकते, ती वितळून तारेला चिकटली होती. तिथे तारेचा रंग पोलादी राहिला नव्हता, निळसर-तांबूस झाला होता. लोखंड चांगलंच तापल्याशिवाय तो रंग येत नाही.

गॅरेजमध्ये सांगितलं गेलं, सायलेन्सरच्या पाइपला लागली असेल. वायर थोडी लांबून फिरवून बांधली. हे कारण होऊ शकतं, नाही असं नाही. पण सायलेन्सरने भाजलेली वायर एकाच बाजूने, एकाच जागी, बाहेरून भाजते. आमची वायर आतून भाजली होती, वितभर लांबीत, आणि कव्हरचा बाहेरचा भाग आतल्याइतका जळलेला नव्हता. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला असता तर मे महिन्यात घाटात उभं राहावं लागलं नसतं.

आणखी दोन खुणा समोर होत्या. दिवाळीनंतर सकाळी स्टार्टर दमल्यासारखा फिरायला लागला होता. आम्ही बॅटरी बदलली, फरक पडला नाही. ॲक्सिलरेटरची वायरही चिकटल्यासारखी चालत होती. पाय उचलला तरी इंजिनाचा आवाज क्षणभर चढलेलाच राहायचा. या तिन्ही गोष्टींचं मूळ एक असेल असं कोणाला वाटलंच नाही.

मूळ असं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हकडून एक जाड केबल किंवा विणलेली पट्टी गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेली असते. तिलाच आपण अर्थिंग म्हणतो. स्टार्टर फिरतो तेव्हा शंभरएक अँपिअर करंट लागतो. एका हेडलाइटला पाचच्या आसपास लागतो, म्हणजे एकदम वीस हेडलाइट लावण्यासारखं झालं. हा सगळा करंट अर्थिंगवाटे बॅटरीकडे परत जायला हवा. ती वाट बंद असेल तर करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या लोखंडी गोष्टी उरतात किती? क्लच वायर आणि ॲक्सिलरेटर वायर. मग दर सकाळी किल्ली फिरवली की ती बारीक तार हीटरच्या कॉइलसारखी तापते. आतली नळी वितळते, तार तिच्यात अडकून घासते, आणि काही आठवड्यांत तुटते.

आमची अर्थिंग ऑक्टोबरमध्ये गिअरबॉक्स उतरवताना सोडली होती. परत चढवताना बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला आवळली गेली, पण गिअरबॉक्सकडची पट्टी नुसती बोल्टखाली अडकवली होती, वर गंज आणि खाली ऑइलचा चिकटा. डोळ्यांना पट्टी जागेवर दिसत होती. हाताने धरली तर हलत होती. क्लचच्या कामात झालेली एवढी चूक, आणि तिने पुढच्या दोन वायरी आणि एक बॅटरी खाल्ली.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो, दोन-तीनशे रुपयांचाही चालतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी गिअरबॉक्सच्या स्वच्छ धातूवर टेकवा. रंगावर किंवा गंजावर टेकवली तर आकडा खोटा येईल. दुसऱ्या माणसाला तीनचार सेकंद स्टार्टर मारायला सांगा. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर अर्थिंग ठीक. ०.५ च्या वर गेला तर वाट अडलेली आहे. आमच्या गाडीत १.९ आला. पट्टी काढून, दोन्ही बाजूंचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करून, नवीन बोल्ट-वॉशरने आवळल्यावर तोच आकडा ०.१५ झाला, आणि जुन्याच बॅटरीवरसुद्धा स्टार्टर टणाटण फिरला.

मीटर नसेल तर जंप स्टार्टची जाड केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला लावा आणि स्टार्टर मारून बघा. स्टार्टर एकदम जोरात फिरायला लागला तर उत्तर मिळालं.

बॅटरीची निगेटिव्ह थेट गिअरबॉक्सला असेल तर बॉडीकडची पट्टीही बघा. तीही सैल असेल तर लाइट, हॉर्न, पंखा यांचा करंट याच वायरींमधून परत जातो. गिअरबॉक्स किंवा क्लचचं कोणतंही काम झालं की गाडी ताब्यात घेताना दोन्ही पट्ट्या हाताने हलवून बघा. मी आता हे दर वेळी करते.

इतर कारणं, थोडक्यात

इंजिनचं माउंटिंग फाटलं असेल तर गाडी उचलताना इंजिन मागे-पुढे झुलतं आणि वायरीला हिसका बसतो. बोनेट उघडं ठेवून कोणालातरी क्लच हळू सोडायला सांगा. तुम्ही समोर न थांबता बाजूला उभं राहून बघा, इंजिन उडी मारतंय का.

वायर जिथे इंजिनच्या बाजूने आत येते तिथला पत्रा गंजून फाटलेला असेल तर पेडल दाबताना पत्राच वाकतो. आत कोणी पेडल दाबत असताना बाहेरून त्या जागी बोट ठेवून बघा. पत्रा हलत असेल तर पॅच मारून वेल्डिंग करून घ्यावं लागेल. त्याशिवाय वायरीचा प्ले, म्हणजे जोर लागायच्या आधीची पेडलची रिकामी हालचाल, कधीच स्थिर राहणार नाही.

आणि नकली वायर. मारुती ८०० पहिल्यांदा डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, आणि तिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तीस वर्षांत एवढ्या गाड्या विकल्या गेल्या की सुटे भाग अजून सहज मिळतात, आणि त्यात नकलीही तितक्याच सहज मिळतात. टोकाच्या डोळ्यातून तार अख्खी, न पिंजता निसटून बाहेर आली असेल, तर ती घडवण्यातलीच कसूर. वायर घेताना दुकानातच हातात धरा, तार आत-बाहेर सरकवा, टोकाचं दाबकाम बघा. शंभर रुपये वाचवायची ही जागा नाही.

नवी वायर बसवताना

जुन्या वायरीची वाट बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. नवी वायर मोठ्या, सैल वळणाने न्या. ती सायलेन्सरपासून लांब असावी, आणि क्लिपमध्ये इतकी घट्ट बांधू नका की कव्हर दबेल.

आतमध्ये प्लॅस्टिकची नळी असलेल्या वायरीत इंजिन ऑइल ओतू नका. पूर्वीच्या उघड्या वायरींना तेल घालायची सवय होती, ती अजून चालू आहे. ते तेल धूळ धरतं आणि तिचा चिखल होतो. ग्रीस फक्त दोन्ही टोकांना, हुकाला आणि पिनेला.

मग पेडलचा प्ले लावा. वर मोकळं असलेलं पेडल बोटाने दाबा. क्लचचा जोर लागायच्या आधी ते थोडं रिकामं खाली जायला हवं. बहुतेक छोट्या गाड्यांत हे अंतर १५ ते २५ मिलिमीटर असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा खरा धरा. प्ले नसेल तर वायर कायम ताणलेली राहते, रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं आणि क्लच घसरून जळतो. प्ले फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना खर्रर आवाज येतो. नट आवळल्यावर पेडल तीसएक वेळा पूर्ण दाबा, म्हणजे कव्हर जागेवर बसेल, आणि मग प्ले पुन्हा मोजा. पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा.

त्यानंतर प्ले वारंवार वाढत असेल, म्हणजे दर पंधरवड्याला नट आवळावा लागत असेल, तर आवळत बसू नका. आतल्या तारा एकेक करून तुटत आहेत. आमच्याकडे दुसरी वायर तुटण्याआधी असंच झालं होतं, आणि मी दोनदा नट आवळून घेतला होता. क्लच पकडायची जागा दिवसेंदिवस खाली, जमिनीकडे सरकणं, पेडलखाली बारीक कटकट जाणवणं, पहिला गिअर अडखळत पडणं याही त्याच खुणा. त्या दिसल्या की तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर असा प्रवास आखू नका. आधी वायर उतरवून बघा.

सिग्नलला थांबल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये आणून पाय क्लचवरून काढा. सात रस्त्यासारख्या ठिकाणी दीड-दोन मिनिटं क्लच दाबून धरला तर वायर आणि बेअरिंग दोन्ही तेवढा वेळ पूर्ण ताणात राहतात.

रस्त्यात तुटलीच तर

आधी गाडी बाजूला घ्या. गिअरमध्ये असताना वायर तुटली तर ॲक्सिलरेटर सोडून गिअर न्यूट्रलकडे ओढा, तो बहुतेक वेळा निघतो. नाही निघाला तर ब्रेक लावून गाडी थांबवा, इंजिन बंद पडेल, पडू द्या. पार्किंगचे लाइट लावा.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर गॅरेज जवळ असेल तर जुन्या गाड्यांत एक मार्ग आहे. इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका आणि स्टार्टर मारा. गाडी हिसका देऊन चालू लागते आणि पहिल्या गिअरमध्येच सावकाश जाते. थांबायचं असेल तर ब्रेक लावून इंजिन बंद करा. समोर माणूस किंवा गाडी असेल तर हे मुळीच करू नका, कारण किल्ली फिरवताक्षणी गाडी पुढे झेपावते. बालीवेस किंवा नवी पेठेच्या गर्दीत तर विचारही करू नका, गाडी ढकलून कडेला लावा आणि मिस्त्रींना बोलवा.

घाटात हा प्रयोग नको. आम्ही तुळजापूरच्या घाटात हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकून ठेवला, मागच्या दोन्ही चाकांमागे दगड लावले आणि आईला उतरवून कठड्याच्या आत उभं केलं. वर जाणाऱ्या एका पिकअपवाल्या दादांनी दोर बांधून गाडी ओढून नेली. ओढून नेताना इंजिन बंद असलं तरी किल्ली चालू स्थितीत ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो, त्याची तयारी ठेवा.

आता डिकीत एक नवी वायर कायम असते. ती घडी घालून ठेवू नका. वायरीला एकदा मोड पडली की बसवल्यावर ती तिथेच तुटते. आमची स्टेपनीच्या आत मोठ्या वेटोळ्यात ठेवली आहे, दोन्ही टोकांना ग्रीस लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.